यामाल, जुलै २०१६: ऊन, काळपुळी आणि बंद केलेली लस

२०१६च्या जुलैमध्ये उत्तर रशियातल्या यामाल द्वीपकल्पावर रेनडिअर मरू लागले. आधी थोडे, मग शेकड्यांनी. सुरुवातीला हा उष्माघात असेल असंच समजलं गेलं, आणि त्यात नवल नव्हतं. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेकडच्या या भागात त्या महिन्यात पारा ३५ अंशांपर्यंत चढला होता. रेनडिअरच्या अंगावर पोकळ केसांचा जाड थर असतो. उणे ४० अंशांची थंडी हे जनावर सहज काढतं, पण उन्हाचे दोन आठवडे त्याला सोसत नाहीत. धापा टाकणारी, पाय दुमडून बसणारी, मग न उठणारी जनावरं पाहून पशुवैद्यकांनाही आधी ऊनच दिसलं.

२५ जुलैला त्या भागात क्वारंटाइन जाहीर झालं, तेव्हा रोगाचं नाव पुढे आलं होतं: अँथ्रॅक्स. आपल्याकडे पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या तक्त्यांवर ज्याला काळपुळी किंवा फाशी म्हणतात तोच. यामालमध्ये त्याची शेवटची नोंद १९४१ची होती. ७५ वर्षांनी तो परतला. साथ आटोक्यात येईपर्यंत सुमारे २,३५० रेनडिअर मेले, ३६ माणसांना लागण झाल्याचं निश्चित झालं आणि बारा वर्षांचा एक मुलगा दगावला.

हे प्रकरण जगभरच्या बातम्यांमध्ये एका चित्रासारखं फिरलं: वितळणारा बर्फ, त्यातून वर आलेला जुना सांगाडा, सांगाड्यातून उठलेला रोग. हे चित्र पूर्ण खोटं नाही. पण त्यात कळप राखणारी माणसं जवळपास नाहीत, आणि २००७ साली घेतलेला एक निर्णय तर मुळीच नाही. तो निर्णय आणि ती माणसं दोन्ही परत चित्रात आणल्याशिवाय यामालमध्ये काय घडलं ते कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

माणसं आणि त्यांचं काम

यामाल म्हणजे कारा समुद्रात उत्तरेकडे घुसलेली, सपाट, झाडं नसलेली, तळ्यांनी भरलेली जमीन. प्रशासकीय दृष्ट्या ती यामालो-नेनेट्स स्वायत्त प्रदेशात मोडते, राजधानी सालेखार्द. इथे नेनेट्स लोक रेनडिअर पाळतात. एकूण नेनेट्स पंचेचाळीस-पन्नास हजारांच्या आसपास, आणि त्यांच्यातले हजारो अजूनही वर्षभर फिरस्ते आहेत. २०१६ साली या प्रदेशात पाळीव रेनडिअरची संख्या सात लाखांच्या वर होती. पाळीव रेनडिअरचा एवढा मोठा साठा जगात दुसरीकडे नाही.

फिरण्याचं गणित ऋतूंवर बसवलेलं आहे. हिवाळ्यात कळप दक्षिणेकडे, झाडांच्या आडोशाला आणि शैवाकाच्या कुरणांवर. शैवाक म्हणजे आपण गोड्या मसाल्यात घालतो त्या दगडफुलाचं उत्तरेकडचं भावंड; बर्फाखाली दबलेलं हे शैवाक खुरांनी उकरून खाऊनच रेनडिअर हिवाळा काढतो. वसंतात कळप उत्तरेला निघतो, वाटेत पाडसं जन्मतात. उन्हाळ्यात समुद्राच्या बाजूला जायचं, कारण तिथे वारा असतो आणि वाऱ्यात डास व माश्या कमी त्रास देतात. शरद ऋतूत पुन्हा दक्षिण. काही कुटुंबं वर्षाला शेकडो किलोमीटर चालतात. राहायला चूम, म्हणजे खांबांवर कातडी ताणून उभा केलेला शंकूच्या आकाराचा तंबू. सामान घसरगाड्यांवर, आणि घसरगाड्या ओढायला शिकवलेले खच्ची केलेले नर.

या कामात नवऱ्याचं काम वेगळं आणि बायकोचं वेगळं असलं तरी जनावर दोघांच्या हातातून जातं. पुरुष कळपामागे असतात, फास टाकून जनावर धरतात, कापतात. बायका कातडी सोलतात, ताणतात, कमावतात, शिवतात. चूम उभा करणं-उतरवणं त्यांच्याकडे. खाणं, कपडे, तंबू, वाहन, दोर, विकायचा माल हे सगळं एकाच प्राण्यापासून येतं. ताजं रक्त आणि कच्चं मांस हा तिथला रोजचा आणि आवडीचा आहार आहे. भाजीपाला न उगवणाऱ्या मुलखात जीवनसत्त्व क मिळवण्याचा तो पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला मार्गही आहे. बाहेरून आलेल्या काहींनी साथीनंतर या सवयीला मागासलेपण म्हटलं. ते मला अन्यायाचं वाटतं. ज्या खाण्याने लोकांना स्कर्व्हीपासून वाचवलं, ते खाणं तोवर सुरक्षित होतं जोवर जनावर निरोगी होतं.

जनावर आणि माणूस यांच्या तब्येतीमध्ये इथे भिंतच नाही. रेनडिअर आजारी पडला की घरातला स्वयंपाक, कपडे आणि हात सगळंच धोक्यात येतं.

जमिनीखाली काय होतं

बॅसिलस अँथ्रॅसिस हा जिवाणू परिस्थिती वाईट झाली की स्वतःभोवती कवच करून बीजाणू बनतो. बीजाणू मातीत कित्येक दशकं टिकतात. चरणाऱ्या जनावराने माती किंवा गवताच्या मुळांसोबत ते गिळले की आत पुन्हा जिवाणू होतात, वाढतात आणि जनावराला दोन-तीन दिवसांत, कधी काही तासांत, मारतात. मेलेल्या जनावराच्या नाका-तोंडातून रक्त येतं, ते मातीत मिसळतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. माणसाला हा रोग तीन वाटांनी होतो: कातडीतून, खाण्यातून, श्वासातून. एका माणसाकडून दुसऱ्याला तो सहसा लागत नाही. कातडीचा प्रकार लवकर ओळखला तर प्रतिजैविकांनी बरा होतो. पोटाचा प्रकार फार घातक. आपल्या देशात ओडिशातल्या कोरापुट जिल्ह्यात हा रोग वारंवार डोकं वर काढतो, आणि तिथेही कारण बहुतेक वेळा मेलेलं जनावर कापणं किंवा खाणं हेच असतं.

यामालच्या मातीत हे बीजाणू कुठून आले याचं उत्तर इतिहासात आहे. १८९७ ते १९२५ या काळात रशियाच्या उत्तर भागात अँथ्रॅक्सने मेलेल्या रेनडिअरची संख्या १५ लाखांच्या घरात सांगतात. एवढी जनावरं कोण पुरणार, आणि कशी पुरणार? जमीन वर्षाचे बरेच महिने दगडासारखी गोठलेली. उन्हाळ्यात वरचा अर्धा-एक मीटरच मऊ होतो. त्याच्या खाली कायम गोठलेला थर, पर्माफ्रॉस्ट. मेलेली जनावरं पडली तिथेच राहिली, किंवा उथळ खड्ड्यांत गेली. थंडीने त्यांना झाकलं आणि बीजाणूंनाही.

आता आर्क्टिक तापतो आहे. १९७९पासूनच्या नोंदी पाहिल्या तर पृथ्वीच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने, हे फिनलंडच्या संशोधकांनी २०२२मध्ये दाखवून दिलं. उन्हाळ्यात वितळणारा वरचा थर खोल जातो, उतारावरची माती खचते, नदीकाठ ढासळतात. जे खाली होतं ते वर येतं. बोरिस रेविच आणि मरीना पोदोल्नाया या रशियन संशोधकांनी २०११ सालीच, म्हणजे साथीच्या पाच वर्षं आधी, पूर्व सायबेरियाबद्दल लिहिताना हा इशारा दिला होता: पर्माफ्रॉस्ट वितळला तर जनावरांच्या जुन्या दफनभूमीतून अँथ्रॅक्स परतू शकतो.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. बर्फातून वर आलेला एक ठरावीक सांगाडा सापडला आणि त्यापासून साथ सुरू झाली, असं सिद्ध झालेलं नाही. बीजाणू वरच्या, दरवर्षी वितळणाऱ्या थरातच असतील आणि असह्य उन्हाने बाकीची परिस्थिती जुळवून आणली असेल, हीही शक्यता तितकीच खरी. कोरड्या उन्हाळ्यात गवत खुरटं राहतं, जनावर मुळाशी तोंड घालतं, मातीही पोटात जाते. उष्णतेने प्रतिकारशक्ती खालावते. डास आणि गोमाश्या वाढल्या की कळप एकमेकांना चिकटून गोल फिरत राहतो, चरत नाही. चावणाऱ्या माश्या एका जनावराचं रक्त दुसऱ्याकडे नेतात. तोंडाची, त्वचेची, पोटाची प्रत्येक वाट त्या जुलैमध्ये उघडी होती. पर्माफ्रॉस्ट किती दोषी आणि उष्णता किती, याचं वाटप शास्त्रज्ञ करत राहतील. कळप राखणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही एकाच तापलेल्या हवेतून आले.

२००७

सोव्हिएत काळापासून यामालचे रेनडिअर अँथ्रॅक्सविरुद्ध टोचले जात. काम किचकट होतं: विखुरलेले कळप, उन्हाळ्याचे थोडे दिवस, लस थंड ठेवून तुंद्रात, म्हणजे या बिनझाडांच्या गोठलेल्या माळावर, पोचवायची, एकेक जनावर फास टाकून धरायचं. २००७ साली हे लसीकरण थांबवलं गेलं. पन्नासहून अधिक वर्षं एकही रुग्ण नाही, मातीच्या नमुन्यांत बीजाणू सापडत नाहीत, मग कशाला, असा त्यामागचा विचार.

हा विचार वाचताना मला राग येतो, आणि तो लपवण्याचं कारण नाही. रोग दिसत नव्हता कारण जनावरं टोचलेली होती. यामाल द्वीपकल्प सुमारे ७०० किलोमीटर लांब आहे. तिथल्या मातीचे काही नमुने स्वच्छ निघाले म्हणजे माती स्वच्छ झाली असं कुठल्याही साथरोगतज्ज्ञाने म्हणू नये. पूर्वेकडे, सायबेरियातल्याच याकुतिया प्रदेशात जनावरांना लस देणं सुरूच होतं.

रेनडिअरचं आयुष्य लहान असतं. काही वर्षांतच लस घेतलेली पिढी संपली. २०१६ साली यामालो-नेनेट्स प्रदेशाच्या कुरणांवर सात लाखांहून जास्त जनावरं होती आणि त्या मातीतल्या सगळ्यात जुन्या शत्रूविरुद्ध त्यांच्याकडे काहीच नव्हतं. नेमक्या त्याच उन्हाळ्यात उष्णतेने विक्रम केले.

हवामान बदलाने जुनी माती उघडी केली. पण तिच्यावर कवच नसलेले कळप माणसांच्या निर्णयाने उभे होते. या दोन गोष्टी वेगळ्या करून एकीवर सगळं ढकलणं सोयीचं असतं. अधिकाऱ्यांना ऊन सोयीचं, टीकाकारांना लस. मला तरी दोन्ही एकत्र धरल्याशिवाय त्या मुलाच्या मृत्यूचा अर्थ लागत नाही.

साथ

पहिले मृत्यू यारोतो तळ्यांच्या आणि तार्को-साले नावाच्या व्यापारी ठाण्याच्या परिसरातले. जुलैच्या मध्यापासून जनावरं पडू लागली. या महिन्यात तुंद्रात काय चाललेलं असतं ते लक्षात घ्यायला हवं. मऊ, लव असलेली कोवळी शिंगं कापण्याचा हा हंगाम; ती आशियातल्या पारंपरिक औषधांच्या बाजारात जातात आणि कळपवाल्याच्या हातात रोख पैसा येतो. शिंग कापताना रक्त येतंच. आणि याच महिन्यात मुलं घरी असतात. शाळेचं वर्ष ती वस्तीच्या गावातल्या निवासी शाळांमध्ये काढतात. उन्हाळ्यात आई-वडिलांकडे, चूममध्ये, कळपाजवळ येतात. ऑगस्टच्या सुरुवातीला सालेखार्दच्या रुग्णालयात निरीक्षणाखाली असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलं होती, त्याचं कारण हे.

उष्माघात समजण्यात गेलेले दिवस महागात पडले. मेलेलं जनावर उन्हाने मेलंय असं वाटलं तर माणूस कातडी वाया घालवत नाही. कापणं, सोलणं, कुत्र्यांना घालणं, सगळं नेहमीसारखं होतं. वस्ती विरळ, संपर्काची साधनं कमी, जवळचा डॉक्टर हेलिकॉप्टरच्या अंतरावर. तुंद्रातली आरोग्यसेवा हवाई रुग्णवाहिकेवर चालते, आणि ती बोलावण्याआधी कुणाला तरी ही गोष्ट बोलावण्याजोगी वाटावी लागते. दंडावर एक खाजणारा फोड, मग काळी पडलेली खपली, आणि गंमत म्हणजे दुखत नाही: माणूस कामाच्या हंगामात त्यासाठी हेलिकॉप्टर मागत नाही. मुलाचं पोट दुखतंय, उलट्या होताहेत: घराघरात होतं.

जो मुलगा गेला त्याला पोटाचा अँथ्रॅक्स झाला होता. त्याचा मृत्यू जुलैच्या अखेरीस झाला. रोग माणसांपर्यंत पोचलाय हे त्यानंतरच सर्वांना कळून चुकलं.

पुढची कारवाई मोठी होती. रासायनिक, जैविक आणि किरणोत्सारी संकटांसाठी असलेलं लष्कराचं पथक विमानांनी आणलं गेलं. मेलेली जनावरं शोधून जागेवरच जाळली, जमिनीचं निर्जंतुकीकरण केलं. बाधित पट्ट्यातली कुटुंबं हलवली. नव्वदच्या आसपास लोकांना रुग्णालयात ठेवून तपासलं. आजूबाजूच्यांना प्रतिजैविकं आणि लस दिली, आणि रेनडिअरचं लसीकरण तातडीने सुरू झालं. त्या भागातून मांस, कातडी, शिंगं बाहेर नेण्यावर बंदी आली.

साथ काही आठवड्यांत थांबली, माणसाचा आणखी मृत्यू झाला नाही, आणि तपासणारे डॉक्टर, जाळणारे जवान यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. एकदा हलल्यावर यंत्रणा वेगाने हलली.

तरी त्या बंदीचा अर्थ कळपवाल्याच्या बाजूने वाचायला हवा. वर्षाचा रोख पैसा दोन हंगामांत येतो: उन्हाळ्यात शिंगं, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात कत्तलीनंतर मांस. पहिला हंगाम अर्ध्यात तुटला. ज्यांचा कळप मेला त्यांचं नुकसान मोजता येतं आणि त्याची भरपाईही मागता येते. ज्यांचा कळप वाचला पण शिंगं विकता आली नाहीत, ज्यांना ठरलेल्या वाटेने पुढे जाता आलं नाही, ज्यांनी चूममधली अंथरुणं आणि कपडे जंतूंच्या भीतीने सोडून दिले, त्यांचं नुकसान कुठल्या रकान्यात बसत नाही. आपल्याकडेही डिसेंबर २०२१च्या अवकाळी पावसात पुणे आणि अहमदनगर भागात शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. पंचनामे मेलेल्या मेंढ्यांचे झाले. उरलेल्या अशक्त कळपाला घेऊन धनगर कुटुंबांनी पुढचे महिने कसे काढले, याची नोंद कुठल्या फॉर्मवर होत नाही. फिरत्या पशुपालकाचं नुकसान मोजायची पद्धत जगात सगळीकडे शेतीच्या मोजपट्टीवरून घेतलेली आहे, आणि ती तोकडी पडते.

हिवाळा: तीन वर्षं आधी

२०१६ची साथ एकटी पाहिली तर ती अपघात वाटते. त्याच द्वीपकल्पावरचा नोव्हेंबर २०१३ शेजारी ठेवला की धागा दिसतो.

त्या वर्षी ८ नोव्हेंबरच्या सुमारास दक्षिण यामालवर पाऊस पडला. नोव्हेंबरमध्ये, बर्फावर, सुमारे चोवीस तास. मग पारा झपाट्याने उतरला आणि भिजलेला बर्फ गोठून कडक कवच झालं. रेनडिअर मऊ बर्फ खुरांनी उकरतो, बराच खोल असला तरी. गोठलेल्या पाण्याचं कवच त्याला फुटत नाही. शैवाक खाली, जनावर वर, मध्ये काही सेंटीमीटर बर्फ. हे कवच वसंतापर्यंत वितळलं नाही. त्या हिवाळ्यात द्वीपकल्पावरच्या २,७५,००० जनावरांपैकी ६१,००० उपासमारीने मेली. यापूर्वी नोव्हेंबर २००६मध्ये अशाच पावसाने सुमारे २०,००० घेतली होती.

फिनलंडच्या रोवानिएमी इथल्या आर्क्टिक सेंटरमधले ब्रूस फोर्ब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, नेनेट्स कळपवाल्यांकडून ऐकलेल्या आणि उपग्रहांनी टिपलेल्या नोंदी एकत्र ठेवून, या दोन्ही घटनांचा संबंध बॅरेंट्स आणि कारा समुद्रांवरच्या कमी झालेल्या बर्फाशी जोडला. समुद्र उघडा राहिला की शरदात त्यावरून ओलसर, उबदार हवा जमिनीकडे येते, आणि जिथे बर्फच पडायला हवा तिथे पाऊस पडतो. कळपवाल्यांना असा पाऊस नवा नाही. जुन्या माणसांच्या आठवणीत अशी वर्षं आहेत. नवं आहे ते त्याचं तीव्र होणं आणि लवकर लवकर येणं. एका वाईट हिवाळ्यातून कळप उभा राहायला पाच-सात वर्षं लागतात, आणि मध्ये दुसरा आला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

६१,००० हा आकडा वाचताना एक गोष्ट निसटते. मेलेल्यांत घसरगाडी ओढणारी जनावरंही होती. विकायची जनावरं गेली तर माणूस गरीब होतो. ओढायची गेली तर तो हलूच शकत नाही. २०१४मध्ये काही खाजगी कळपवाले तुंद्रातच अडकून पडले होते. कळप गेलेला, जायला वाहन नाही. त्यांनी तळ्यांवर मासेमारी करून पोट भरलं आणि नातेवाइकांकडून पैदाशीची जनावरं उसनी घेऊन पुन्हा सुरुवात केली. जनावर उसनं देण्याची ही रीत नेनेट्स समाजाचा खरा विमा आहे, आणि मला त्यातल्या माणुसकीबद्दल अपार आदर वाटतो. पण शेजाऱ्याचाही कळप त्याच पावसात गेला असेल तर उसनं मागायचं कुणाकडे?

अडकून पडण्याचे परिणाम शरीरावर होतात. रेनडिअरचं मांस कमी झालं की त्याची जागा दुकानातला पाव, साखर, शेवया घेतात, आणि फिरती माणसं स्थिर झाली की त्यांचे आजारही बदलतात: वजन, रक्तदाब, दात. कच्च्या माशावर जास्त भर आला तर ओब नदीच्या खोऱ्यात फार पूर्वीपासून असलेला यकृतातल्या कृमींचा धोका वाढतो. नद्या आणि ओबचं आखात उशिरा गोठायला लागल्यापासून कळप काठावर थांबून राहतात, काठावरचं कुरण संपतं, जनावरं वजन गमावतात आणि कत्तलीच्या हंगामात मांस कमी भरतं. घाईने पातळ बर्फावर पाऊल टाकलं तर जीव जातो. आणि सगळ्यावर एक ताण, ज्याला रुग्णालयाच्या नोंदवहीत रकाना नाही: ज्याच्या बापाने आभाळ पाहून निर्णय घेतले त्याला आता आभाळावर विश्वास ठेवता येत नाही.

वाटा अरुंद होताना

अशा संकटात कळपवाल्याचं सगळ्यात जुनं औषध म्हणजे वाट बदलणं. कुरणावर बर्फाचं कवच आलं तर दुसरीकडे जायचं, एखाद्या जागेवर जनावरं मेली असतील तर ती जागा टाळायची. यासाठी मोकळी जमीन लागते. यामालखाली रशियातले सगळ्यात मोठे नैसर्गिक वायूचे साठे आहेत. बोव्हानेन्कोव्हो वायूक्षेत्रातून २०१२मध्ये उत्पादन सुरू झालं. रेल्वे, रस्ते, पाइपलाइनी, कामगारांच्या वसाहती आल्या. काही ठिकाणी कळप ओलांडू शकावेत म्हणून मार्ग ठेवले आहेत, आणि कळपवाल्यांनी वायू कंपन्यांशी जुळवून घेण्यात पुष्कळ शहाणपण दाखवलं आहे. पण नकाशावर उरलेल्या वाटा अरुंद झाल्या हे खरं, आणि अरुंद वाटेवर जास्त जनावरं चालली की कुरण थकतं.

साथीनंतर प्रशासनाने याचाच आधार घेऊन कळप कमी करण्याची योजना पुढे आणली. अडीच लाख जनावरं कमी करण्याचा प्रस्ताव त्या शरदात चर्चेत होता. कुरणांवर ताण आहे हे मी नाकारत नाही. १९९०नंतर सामूहिक शेती मोडली तेव्हा खाजगी कळप खूप वाढले, आणि दाटीत रोग पसरतो हेही खरं. पण क्रम पाहा. लस प्रशासनाने थांबवली. कुरणात पाइपलाइनी प्रशासनाच्या परवानगीने आल्या. हवा तर जगाने मिळून तापवली, आणि तिच्यात या फिरस्त्या कुटुंबांचा वाटा जवळपास शून्य. शेवटी जनावरं कमी करायची ती मात्र कळपवाल्याने. ज्याने नोव्हेंबर २०१३ पाहिला आहे तो मोठा कळप हव्यासाने ठेवत नाही. निम्मा मेला तरी निम्मा उरावा म्हणून ठेवतो. हा हिशोब मांडल्याशिवाय कळपाच्या आकाराबद्दल बोलणं अर्धवट आहे.

त्यानंतर

रेनडिअरचं लसीकरण आता पुन्हा दरवर्षीचं काम झालं आहे. कळपवाल्यांनाही लस मिळते. उन्हाळ्याच्या छावण्यांपर्यंत पशुवैद्यक आणि उपग्रह फोन पोचवण्यावर जास्त लक्ष दिलं जातं. २०१६सारखी साथ यामालवर पुन्हा आलेली नाही. यामागचं शास्त्र १९४१मध्येही माहीत होतं. तेव्हा हे नवं संशोधन नव्हे, टाकून दिलेलं काम पुन्हा हातात घेणं आहे.

जुन्या मृत्यूंच्या जागा शोधून त्यांचे नकाशे करण्याचं काम अवघड आहे. शतकापूर्वी कुठल्या उतारावर कळप पडला हे कागदावर क्वचितच आहे. असलंच तर म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात, अमुक तळ्याजवळ मुक्काम करू नये अशा सांगण्यात. हे सांगणं टिपून ठेवणं साथरोगशास्त्राचं काम आहे असं मी मानतो, आणि त्यासाठी नेनेट्स बोलणारे आरोग्यसेवक लागतील, जे छावणीत चहा पीत बसू शकतील. मुलं वर्षाचे नऊ महिने निवासी शाळेत रशियन शिकत असताना आजी-आजोबांचं हे ज्ञान कुणाला सांगितलं जाणार, हा त्याच कामाचा दुसरा भाग.

नोव्हेंबरच्या पावसावर लस नाही. फोर्ब्स यांच्या गटाने एक व्यवहार्य गोष्ट सुचवली: समुद्रावरचा बर्फ उपग्रहातून जवळपास रोज दिसतो, तेव्हा बॅरेंट्स आणि कारा समुद्र शरदात उघडे राहिलेत हे कळताच तुंद्रात इशारा पोचवायचा, आणि फिरते कत्तलखाने कळपांच्या जवळ न्यायचे. उपासमारीने मरणाऱ्या जनावरांपैकी काही तरी आधी, अंगावर मांस असताना, विकता येतील. हे कळपवाल्याला आवडेल असं नाही. पाडसं देणारी मादी कापायची की वाट पाहायची हा निर्णय कुठलाही उपग्रह घेऊ शकत नाही. पण निर्णय घ्यायला दहा दिवस मिळणं आणि पावसाच्या सकाळी जाग येणं यांत कळप वाचण्याइतका फरक आहे. हा इशारा पोचवायचा तर छावणीत चालणारा फोन हवा, कत्तलखान्याला रस्ता किंवा गोठलेली नदी हवी, आणि मांसाला हंगामाबाहेर भाव द्यायला खरेदीदार तयार हवा. यातली पहिली गोष्ट पैशाने होते, दुसरी थंडीवर अवलंबून आहे, आणि तिसरीसाठी सालेखार्दमध्ये कुणीतरी पावसाच्या आधीच करार करून ठेवावे लागतील.